पंचफुलामावशींचा पिवळा वार्ड

माझी स्वतःची, सख्खी, माझ्यासारखंच बसकं नाक असलेली मुलगी मला ताब्यात मिळायला एकदा पावणेदोन तास लागले. पोलीस ठाण्यात नाही बरं का. सेलूच्या स्टॉपवर, शाळेच्या बसच्या दारात.

झालं असं, की आमची ही माहेरी गेली होती आणि आरोहीला बसवरून उतरवून आणायचं तिचं रोजचं काम त्या दिवशी माझ्या गळ्यात पडलं. माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. ओळीत उभी असलेली गिऱ्हाइकं तशीच सोडून मी स्टॉपवर गेलो. बस आली, दार उघडलं. दारात निळ्या काठाच्या पांढऱ्या साडीतली, साठीची, ठेंगणी बाई दोन्ही बाजूंचे दांडे धरून उभी. तिच्या काखेखालून डोकावणारी माझी आरोही, वय वर्षे पाच, के.जी. टू.

"आरोहीचे नातेवाईक कोन?" बाईनं गर्दीला विचारावं तसं विचारलं. स्टॉपवर मी एकटा होतो आणि एक गाय होती.

म्हटलं, "मी. बाप आहे मी तिचा."

"बाप तं कोनीबी म्हन्ते," बाई म्हणाली. "रोज तिची आई येते. तुमाले मी कदी पाह्यलं नाई."

मी आधार कार्ड काढलं. तिनं ते लांब धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं आणि परत केलं. "हा फोटो तं कोनासारकाच दिसत नाई. ह्याच्यावर मी बकरीबी देनार नाई." मग खाली वाकून आरोहीला विचारलं, "काय व माय, कोन हाय हा मानूस?"

आता, त्याच दिवशी सकाळी मी चिप्सच्या पुड्याला नाही म्हटलं होतं. आरोहीनं मला डोक्यापासून चपलेपर्यंत नीट पाहिलं आणि म्हणाली, "माहीत नाही."

दार बंद. बस केळझरकडे निघाली. मी जे काही बोललो ते इथं लिहीत नाही, ती गाय तेवढी साक्षीदार आहे. मी गाडीला किक मारली आणि बसच्या मागे लागलो. मागच्या काचेतून पंधरा-वीस पोट्टे मला टाटा करून राह्यले होते आणि त्यात माझी मुलगी सर्वांत पुढे. प्रत्येक स्टॉपवर मी उतरून भांडायचो, प्रत्येक स्टॉपवर बाई म्हणायची, "तुमी बाजूले व्हा, दुसऱ्याईचा डिस्चार्ज चालू हाय." शेवटी केळझरहून परत येताना सेलूत आमच्या हिचा व्हिडिओ कॉल लागला. बाईनं फोन माझ्या तोंडासमोर धरला. बायकोनं मला ओळखलं, पण त्याआधी ती दोन सेकंद थांबली. त्या दोन सेकंदांचा जाब मी अजून तिला विचारतो.

मग बाईनं आरोहीला दारात उभं केलं आणि माझ्यासमोर सावकाश गोल फिरवलं. "पाहून घ्या. दोन हात, दोन पाय. दप्तर, डबा, पान्याची बाटली. मंग म्हनान काई कमी निगालं. आता हात धरा. धरला?"

मी मान हलवली.

"मान नाई. तोंडानं सांगा."

"धरला!" मी असा ओरडलो की गाय उठून गेली.

दुसऱ्या दिवशी तक्रार करायला मी तावातावानं शाळेत गेलो. शाळेचं नाव सांगत नाही, आमचे सचिवसाहेब पेपरापासून पुस्तकापर्यंत सगळं वाचतात. ऑफिसातल्या क्लार्कनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि मला पाण्याचा ग्लास दिला. म्हणाला, "भाऊ, तुम्ही या महिन्यातले चौथे बाप. त्या पंचफुलामावशी. एका मोठ्या दवाखान्यात बाळंतपणाच्या वार्डात तीस वर्षं आया होत्या. रिटायर झाल्यावर आमच्या बसवर मदतनीस म्हणून लागल्या. त्यांना अजून ही बस आहे असं कोणी पटवून देऊ शकलेलं नाही."

मला हसू यायला नको होतं, पण आलं. तेव्हापासून मी मावशींकडे बारीक लक्ष ठेवायला लागलो, आणि जे जे दिसलं ते दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगायला लागलो.

मावशींच्या हिशेबी शाळेची एक नंबर बस म्हणजे बत्तीस खाटांचा वार्ड. सकाळी पोरगं चढलं की ॲडमिट, संध्याकाळी उतरलं की डिस्चार्ज. पालक म्हणजे नातेवाईक, मग ते तहसीलदार का असेनात. कोणाला उलटी आली की त्याला पुढच्या सीटवर आणून "हे लेकरू नजरेखाली ठेवा" असं त्या ड्रायव्हरला बजावायच्या, म्हणजे त्यानं रस्ता पाहायचा की लेकरू पाहायचं हा त्याचा त्यानं विचार करावा. कमरेच्या पिशवीत चिकटपट्टीचं भेंडोळं. शाळेच्या पहिल्याच दिवशी के.जी.च्या प्रत्येक पोराच्या मनगटावर पट्टी चिकटवून त्यावर पेनानं लिहायचं: लेकराचं नाव, आईचं नाव, स्टॉप. आरोहीच्या हातावरची पट्टी महिनाभर निघाली नाही. आम्ही खोबरेल तेल लावून पाहिलं, शेवटी आंघोळीला कंटाळून ती आपली आपणच गेली.

आणि एक नियम सर्वांत कडक. "आपली खाट सोडाची नाई." ज्याची जी सीट ती वर्षभर त्याचीच. "खाट बदलली का लेकरू बदलते," असं त्या म्हणायच्या. मोठ्या वर्गातली पोट्टी हसायची, पण बदलायची कोणाची छाती नव्हती.

ड्रायव्हर राजू. पंचविशीचा, केसाला जेल, कानात ती गाण्याची बोंडं. त्याला मावशींनी पहिल्या आठवड्यातच शिकाऊ डॉक्टर करून टाकलं. "नवा हाय, पन हात चांगला हाय," असं त्या पालकांना त्याच्यासमोरच सांगायच्या. बस सुरू करायच्या आधी राजूनं साबण लावून कोपरापर्यंत हात धुवायचे. पहिल्या दिवशी राजू म्हणाला, "मावशी, म्या स्टेअरिंगले हात लावनार हाय, पोटाले नाई." मावशी म्हणाल्या, "बत्तीस जीव हायेत ना मांगं? मंग धू." राजूनं धुतले. त्याचा फोन मावशींच्या डब्याच्या पिशवीत, पोळीच्या फडक्याखाली. "ओटीमंदी, आपरेशनच्या खोलीत, फोन चालत नाई." एकदा राजूच्या होणाऱ्या बायकोचा फोन आला तेव्हा मावशींनीच उचलला आणि सांगितलं, "डाक्टर आपरेशनमंदी हायेत." लग्न मोडता मोडता राहिलं.

पण या सगळ्यावर कडी म्हणजे त्यांचं गोंधळाबद्दलचं मत. दुसऱ्या बसमध्ये "चूप बसा रे" असं ओरडतात. मावशींच्या बसमध्ये पोरं चूप बसली की मावशी ताडकन उठायच्या. "रडते, वरडते ते लेकरू चांगलं. जे आवाज करत नाई त्याच्याकडं पाह्य लागते," असं म्हणून सीट सीट हिंडायच्या आणि कोणी गप्प दिसलं की त्याच्या पोटाला गुदगुल्या. त्यामुळे ती बस येताना अर्ध्या किलोमीटरवरून ऐकू यायची. आमच्या स्टॉपसमोरच्या दवाईवाल्यानं तर घड्याळ पाहणंच सोडलं होतं. कलकलाट आला की साडेचार.

आता दोन नंबरच्या बसचं सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यापायी झालं. ती बस रस्त्याच्या आतल्या खेड्यांतून जायची. तिच्यावर मदतनीस नव्हती. म्हणजे कागदावर होती. सचिवसाहेबांची मेहुणी. तिला बसमध्ये कधी कोणी पाहिलं नाही, पण ती नेमानं हजर असायची, सही तिची रोज असायची. तपासणीला कोणी आलं की कागद दाखवायचा. मावशींना हे ठाऊक होतं. त्या सचिवसाहेबांना भेटल्या की एकच विचारायच्या, "साहेब, दोन नंबरच्या वार्डातली बाई बरी हाय ना? दिसत नाई कुटं." साहेब म्हणायचे, "आहे आहे," आणि घाईनं पुढे जायचे.

मार्चमधली गोष्ट. ऊन तापायला लागलं होतं. दुपारी एक नंबरची बस शाळेच्या आवारातच बसली. गिअर पडेना. मेकॅनिक आला, दार उघडं टाकून कुठलासा पार्ट आणायला वर्ध्याला गेला. सुटीची वेळ झाली. सचिवसाहेबांनी हुकूम सोडला, दोन्ही बसची सगळी पोरं दोन नंबरमध्ये भरा. बत्तीस सीटा आणि सत्तावन्न पोरं. हे मला पुढं राजूनं सांगितलं. तो सांगताना दोन्ही आवाज काढतो, म्हणून मीही तसंच सांगतो.

मावशी दोन नंबरच्या पायरीवर बसल्या. आडव्या. "वार्ड भरला. बत्तीसच्या वर एकबी घेत नाई."

"मावशी, एक दिवसाचा प्रश्न आहे. मांडीवर बसवा."

"एका खाटेवर दोन बाळंतिनी ठेवल्या तं कोनाचं लेकरू कोनाले गेलं, हे तुमी सांगान का?"

"अहो, हा दवाखाना नाही!"

"मनूनच म्हन्ते. दवाखान्यात निदान डाक्टर तरी राह्यते."

साहेब चिडले. नोकरीवरून काढीन म्हणाले. मावशी म्हणाल्या, "काढा. पन मी चार्ज घेतला तं मी जबाबदार. सत्तावनचा चार्ज मी घेत नाई. तुमी घ्या, आन लिहून द्या." लिहून द्यायचं म्हटल्यावर साहेब जरा नरमले. शेवटी असं ठरलं, की लांबची बत्तीस पोरं मावशींनी घेऊन जायची, पोचवून परत यायचं, आणि जवळची पंचवीस, म्हणजे बहुतेक सेलूची, तोवर शाळेत सचिवसाहेबांच्या ताब्यात राहतील. मावशींनी पंचवीस पोरांना व्हरांड्यात ओळीनं बसवलं, एकेकाला साहेबांसमोर उभं करून नाव सांगितलं, हात-पाय, दप्तर, डबा दाखवला. साहेब फोनवर बोलत बोलत "हो हो" करत होते. "पंचवीस हायेत. पाहून घेतले?" "घेतले, घेतले. जा तुम्ही."

इकडे सेलूच्या स्टॉपवर मी उभा. (माझी ओळख आता पटलेली होती.) बस आली तशी न थांबता पुढे गेली आणि खिडकीतून राजू ओरडला, "दुसऱ्या फेरीत!" माझं टाळकं सरकलं. तिथं बसून वाट पाहणं माझ्या स्वभावात नाही. दुकान दुपारचं तसंच उघडं टाकून मी थेट शाळेत गेलो. वाटेत टायर बसला, तो काढून जोडेपर्यंत पाऊण तास गेला, आणि मी फाटकात शिरलो तेव्हा दोन नंबरची बस परत येऊन माझ्या पुढेच आत शिरत होती.

व्हरांड्यात सचिवसाहेब खुर्चीवर बसलेले. शर्ट घामानं भिजलेला, मांडीवर के.जी.चं एक पोरगं झोपलेलं, दुसरं खुर्चीच्या मागं लोंबकळतंय. आजूबाजूला बिस्किटांची कागदं. मला मनातून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मावशी उतरल्या आणि मोजायला लागल्या. बोट करत, नाव घेत. शेवटाला आल्या आणि परत पहिल्यापासून सुरू केलं.

"चोवीस," त्या म्हणाल्या.

"पंचवीस आहेत," साहेब म्हणाले. "मी आत्ताच मोजले. पंचवीस बिस्किटांचे पुडे आणले होते, पंचवीसही संपले."

"साहेब," मावशी म्हणाल्या, "तुमी पुडे मोजले का पोट्टे मोजले?"

खुर्चीमागं लोंबकळणाऱ्या पोट्ट्याच्या दोन्ही हातांत पुडे होते.

मी तोवर ओळ पाहून घेतली होती. आरोही नव्हती.

मला त्यानंतरच्या दोन मिनिटांचं नीट आठवत नाही. मी साहेबांची कॉलर धरली होती म्हणतात. शिपाई संडासाकडे पळाला, राजू फाटकाकडे, बाहेर तर मोठा रस्ता, ट्रकांची रांग. मी नुसता "आरू, आरू" करत मैदानात गोल फिरत होतो. पोरं घाबरून रडायला लागली. आणि मावशी मधोमध उभ्या, डोळे मिटलेले, ओठ हलताहेत. मला इतका राग आला, म्हटलं बाई आता देवाचं नाव घेत बसली! पण त्या नाव घेत नव्हत्या. आरोहीला आपण काय काय सांगितलं ते आठवून राह्यल्या होत्या.

"खाट," त्या म्हणाल्या आणि धावल्या.

साठ वर्षांची ठेंगणी बाई साडी वर खोचून अशी धावली की राजू मागं राहिला. बंद पडलेल्या एक नंबरच्या बसकडे. ती उन्हात उभी, दार उघडं, काचा मात्र लावलेल्या. आत भट्टी. तिसऱ्या रांगेत, खिडकीकडे, आपल्या सीटवर आरोही. दप्तर मांडीवर घेऊन, मान टाकून झोपलेली. केस कपाळाला चिकटलेले, ओठ वाळलेले. हाक मारली तर उठेना.

मावशींनी तिला उचलून दारात आणलं, सावलीत घेतलं, बूट-मोजे ओढून काढले आणि तिच्या तळपायावर बोटानं टिचकी मारली. एक. दोन. जन्मलेलं बाळ रडलं नाही की मारतात तशी. तिसरी जरा जोरात. आरोहीनं तोंड वाकडं केलं, श्वास घेतला आणि असं भोकाड पसरलं की अख्खं आवार दणाणलं.

"रड व माय, रड," मावशी म्हणाल्या. "आनखी रड. जोरात."

त्या तिच्या तोंडावर पाणी मारत होत्या. मी खाली धुळीत बसलो आणि आरोहीपेक्षा मोठ्यानं रडलो. सांगायला लाज कशाची. पाणी पिऊन शुद्धीवर आल्यावर आरोही म्हणाली, "साहेब फोनवर होते. मावशीनं सांगितलंय ना, आपली खाट सोडायची नाही. म्हणून मी जाऊन बसले." डॉक्टरकडे नेलं, सगळं ठीक होतं. संध्याकाळी तिनं चिप्सचे दोन पुडे मागितले आणि मी तीन आणले.

दोन दिवसांनी शाळेत पालकांची सभा. सचिवसाहेब इस्त्रीच्या कपड्यात. त्यांनी बोलायला सुरुवात केली, "झाला प्रकार दुर्दैवी असून मदतनीस महिलेच्या चुकीच्या सूचनांमुळे..." मी उठणार होतो. माझ्या आधी मावशी उठल्या.

"खरं हाय," त्या म्हणाल्या. "गलती माही हाय. खाट सोडू नको हे म्या सांगतलं, पन खाटच बदलली तं काय कराचं हे नाई सांगतलं. आन दुसरी गलती, चार्ज अशा मानसाले देल्ला ज्याचा कान फोनले होता. मले मेमो द्या."

आपली चूक आपणहून सांगणारं माणूस त्या सभागृहात बहुधा पहिल्यांदाच उभं राहिलं होतं.

"मेमोची काही गरज नाही," साहेब म्हणाले.

"काऊन नाई? दवाखान्यात कापूस हरवला तरी मेमो भेटते. हे तं लेकरू होतं." मग त्या थांबल्या आणि साहेबांकडे बघत राहिल्या. "माही सांगून झाली. आता तुमची सांगा."

साहेबांनी पंख्याकडे पाहिलं. मग सगळ्या पालकांनी पंख्याकडे पाहिलं. पंखा फिरत होता. कोणी काही बोललं नाही, मीही नाही, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. मावशींनी पिशवी उचलली. "मेमो भेटन तवाच येईन," म्हणाल्या आणि पायी निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी कागदावरची मेहुणी दुरुस्त झालेल्या एक नंबरच्या बसमध्ये पहिल्यांदा अवतरली. गॉगल, पर्स, पुढची सीट. पहिल्या स्टॉपवर "उतर रे" म्हणाली. पोरगं दारात उभं राहिलं, उतरेना. "मला फिरवून दाखवा," म्हणालं. खाली त्याची आई हात पुढं करून उभी, "धरला म्हणू का?" विचारतेय. तिसऱ्या स्टॉपपर्यंत पोरं आपली आपणच गोल फिरायला लागली. त्यात दोघं चक्कर येऊन पडली. राजू सवयीनं कोपरापर्यंत हात धुऊन आला होता आणि फोन कुणाकडे द्यायचा ते त्याला कळेना. चौथ्या दिवशी मेहुणीनं आजारपणाची रजा टाकली. आणि बस आमच्या स्टॉपवर आली ती एकदम शांत. दवाईवाला म्हणाला, "आज बस आली नाही का रे?"

त्याच संध्याकाळी मी दुकानात दोन मेमो टाइप केले. सरकारी भाषा माझ्या बोटांत बसलेली आहे, दिवसभर तोच धंदा. पहिला मावशींना: "आपण बालकास जागा न सोडण्याबाबत सूचना दिली, परंतु बस बदलल्यास काय करावे याबाबत सूचना दिली नाही. सबब आपणास ताकीद देण्यात येत आहे." दुसरा सचिवसाहेबांना, समस्त पालकांकडून: "आपण पुडे मोजले, बालके मोजली नाहीत. मदतनीस कागदावर ठेवली, बसमध्ये ठेवली नाही. बत्तीस सीटांत सत्तावन्न बालके बसविण्याचा हुकूम दिला. सबब आपणास ताकीद देण्यात येत आहे." दुसऱ्याच्या चाळीस झेरॉक्स काढल्या, फुकट. दुसऱ्या दिवशी आम्ही तीस-पस्तीस पालक साहेबांच्या ऑफिसात जाऊन नुसते उभे राहिलो. ऑफिस लहान, मार्च महिना. अर्ध्या तासात साहेबांनी पहिल्यावर सही केली आणि दुसऱ्यावर "मिळाला, चूक मान्य" असं लिहून दिलं. दोन नंबरच्या बसला त्याच आठवड्यात जिवंत मदतनीस मिळाली.

मावशींचा मेमो घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. सेवाग्रामच्या वाटेवर दोन खोल्या, समोर तुळस नाही, पण मोगरा होता. कोनाड्यात बुद्धाची लहान मूर्ती. मावशी एकट्याच होत्या. मेमो त्यांनी दोनदा वाचला, तोंडभर हसल्या, घडी घालून उशीखाली ठेवला. "आता बरं वाटलं. बसा. चाय ठेवते."

मी म्हटलं, "मावशी, एक विचारू? तो हात धरायचा आणि तोंडानं सांगायचा प्रकार. एवढं कशाला?"

त्या स्टोव्हकडे तोंड करून बोलायला लागल्या. "वार्डात बाळ झालं का म्या कपड्यात गुंडाळून दारात याची. अमकीचे नातेवाईक कोन? पोरगा असला का इचारूच नका, आठ-दहा हात पुढं. पोरगी हाय म्हनलं का समदे चाय प्याले जाते. दारात कोनी नाई. म्या लेकरू घेऊन उभी. कदी दहा मिनिटं, कदी अर्धा घंटा. एक डाव तं माही डिवटी सपली तरी उभी होती. ते लेकरू मायाकडं टुकुटुकु पाहून राह्यलं. त्याले काय सांगू, कोन येऊन राह्यलं म्हनून?"

त्यांनी साखर घातली, ढवळली.

"आता आपल्या बसमंदी बत्तीस पोट्टे. त्यात पोट्ट्या सतरा. दररोज सायंकाळी सतरा डाव कोनीतरी हात पुढं करते आन मोठ्यानं म्हन्ते, धरला. म्या मोजते. चार दिवस झाले, घरी बसून काईच मोजाले नाई."

त्यांनी कप माझ्यापुढं ठेवला. मला तो उचलवेना.

"मावशी," मी म्हटलं, "मीबी गेलतो."

"कुटं?"

"चाय प्याले. आरोही झाली तवा. बाहेर येऊन सांगतलं, पोरगी हाय, आन मी जिना उतरून खाली टपरीवर गेलो. कोन लेकरू घेऊन उभं होतं ते म्या पाह्यलंच नाई."

मावशींनी स्टोव्ह बंद केला. मी मान वर केली नाही.

"मंग आलता?" त्यांनी विचारलं.

"आलतो."

"किती वेळानं?"

"दोन कप झाल्यावर."

त्यांनी पदरानं डोळे पुसले. मग कप उचलून माझ्या हातात दिला. "प्या आता. थंडी होऊन राह्यली." आणि मी पहिला घोट घेतल्यावर म्हणाल्या, "उद्या येते मी बसवर. तिच्या आईले पाठवू नका. तुमीच येजा, आन बस याच्या आंधी येजा."

बस साडेचारला येते. दुसऱ्या दिवशी मी पावणेचारलाच स्टॉपवर जाऊन उभा होतो.